सिक्स्तोच्या नावावर दिलेलं रक्त

मोंतेविदेओ
१२ ऑगस्ट १९९६

चि. सिक्स्तो यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या रक्ताची पेटी बुधवारी सकाळच्या बसने नीट पोचली. बर्फ वितळला नव्हता, आणि नळी फुटू नये म्हणून नेल्बाने ती तुझ्या लोकरी मोज्यात घालून पाठवली होती. आमच्या प्रयोगशाळेतल्या पोरी हसून हसून बेजार झाल्या. मोजा धुऊन ठेवला आहे, बहुधा पहिल्यांदाच धुतला गेला असेल.

आता मुद्द्याचं. तुमच्या गावात चौकीतला एकच फोन, आणि हवालदार कान लावून बसतो, म्हणून लिहूनच कळवते. सीआरपी नावाची एक तपासणी असते. अंगात कुठे दाह चालू असला की यकृत एक पदार्थ रक्तात सोडतं, तो आम्ही मोजतो. पाचाच्या आत असावा. तुझा अडतीस आला. मे महिन्यात आतडं कापलं तेव्हा चढला होता ते समजू शकते, पण तीन महिने होत आले, आता तो खाली बसायला हवा होता. या आकड्याचं असं असतं की धूर दिसतो, चूल कुठे पेटली ते कळत नाही. सडकी दाढ असेल, चिघळलेली जखम असेल. किंवा जे काढून टाकलं तेच पुन्हा कुठे डोकं वर काढत असेल. हे लिहिते आहे, कारण तुझ्यापासून लपवायचं नाही असं आपलं ठरलं आहे. त्या रोगाची जी खास तपासणी असते, तिला लागणारं रसायन जूनमध्ये हिवाळा लागल्यापासून इथे आलेलं नाही. तेव्हा सध्या आपल्या हातात हा एक आकडाच आहे. हिमोग्लोबिनही फक्त दहा पूर्णांक चार आहे. काळीज खा, बीट खा.

खरं खरं लिही, कुठे दुखतं का? स्कॅनसाठी मी सगळ्यांच्या विनवण्या करते आहे. परवा तुझ्या सर्जनने तुझ्या मेंढ्या कातरणाऱ्या टोळीची आठवण काढली. मे महिन्यात तुझ्या ऑपरेशनसाठी रक्त द्यायला नऊ जण लोकरीच्या ट्रकमधून आले होते आणि एकेक जण खिडकीशी येऊन सिक्स्तो ओलिवेराच्या नावावर म्हणून दंड पुढे करत होता. यादीवर खुणा मीच केल्या होत्या. एलेउतेरिओने तर रक्त देऊन झाल्यावर दोन सँडविच खाल्ले आणि आणखी एक बाटली हवी का म्हणून विचारलं. असं माणूसबळ ज्याच्या पाठीशी आहे त्याने घाबरायचं नाही.

सौ. नेल्बाला आशीर्वाद. उत्तर लवकर धाड, नाहीतर मीच बसमध्ये बसेन.

तुझी ताई,
झुल्मा

*

पासो देल सीबो
२१ ऑगस्ट

ती. ताईस, सिक्स्तोचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. तू तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकतेस आणि इथे मला खऱ्याखुऱ्या मेंढ्या कातरायच्या आहेत. तीन मळ्यांना शब्द दिला आहे, हंगामाचा पहिला दिवस पंधरा सप्टेंबर.

तुझा धूर सापडला. उजवीकडची मागची दाढ. महिनाभर ठणकत होती, मी माते, आपला कडू चहा, नळीने पिताना डावीकडे ओढत होतो. कुणाला बोललो नाही, कारण ज्याचं एवढं आतडं काढून घेतलं त्या माणसाने दाढेसाठी रडायचं म्हणजे शोभत नाही. पत्र वाचताच नेल्बाने मला हाताला धरून ताक्वारेम्बोला नेलं. दातवाल्याने ती उपटली तेव्हा एवढा पू निघाला की त्याचा त्यालाच अभिमान वाटला.

तेव्हा स्कॅनसाठी कुणाच्या पाया पडू नकोस. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची मला हौस नाही. बाकी मी ठीक आहे. थकतो जरा, पण अठ्ठावन्नाव्या वर्षी कोण थकत नाही?

मोजा पाठव. दुसरा एकटा पडला आहे.

तुझा धाकटा,
सिक्स्तो

*

मोंतेविदेओ
३ सप्टेंबर

चि. सिक्स्तोस अ. आ.

दाढेचं वाचून जीव अर्धा भांड्यात पडला. अर्धाच. उरलेला अर्धा नवा आकडा बघून पडेल. पुन्हा रक्त दे, मंगळवार चोवीस तारखेला, नर्सबाई दवाखान्यात येतात तेव्हा. म्हणजे दाढेची जखमही भरलेली असेल. बाई नवीन आहेत असं कळलं, तेव्हा नाव नीट सांग.

स्कॅनची वेळ मिळाली आहे, गुरुवार तीन ऑक्टोबर. कशी मिळवली ते विचारू नकोस. आकडा उतरला तर ती वेळ मी सोडून देईन, कारण मागे चाळीस जण ताटकळत आहेत आणि माझ्या भावासाठी मी कुणाचं हिसकावून घेणार नाही. नाही उतरला, तर हंगाम असो की नसो, तू येणार. हे मी विचारत नाही, सांगते आहे.

मोजा सोबत आहे.

काळजीत असलेली,
ताई

*

मोंतेविदेओ
२६ सप्टेंबर

चि. सिक्स्तो, चि. सौ. नेल्बा, दोघांना उदंड आशीर्वाद.

दोन! सिक्स्तो, दोन! मी ती तपासणी दोनदा केली. मग माझाच माझ्यावर विश्वास नाही म्हणून प्रयोगशाळेतल्या कार्मेनकडून तिसऱ्यांदा करवून घेतली. तिसऱ्यांदाही दोनच. मी तिथेच खुर्चीत बसून रडले, आणि एकसष्ट वर्षांच्या बाईने कसं रडावं याचा पोरींना धडा मिळाला. मेलं त्या दाढेने आपल्या सगळ्यांना पळता भुई थोडी केली.

हिमोग्लोबिन तर पंधरा पूर्णांक आठ. नेल्बा, अगं तू त्याला काय खाऊ घालतेस? तुझं काळीज आणि बीट इथल्या वॉर्डात वाटायला हवं.

सर्जनला कागद दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि जानेवारीत बघू म्हणाले. स्कॅनची वेळ मी एका शिक्षिकेला दिली. जा, मेंढ्या काय कातरायच्या त्या कातर. फक्त एक तक्रार आहे. या वेळी पेटीत नुसती नळी होती, ना चिठ्ठी ना मोजा. रक्त पाठवलंस आणि शब्द राखून ठेवलेस, ही कुठली रीत?

आज देवाशी आणि तुझ्याशी दोघांशीही भांडण नसलेली,
ताई

*

ला तोर्काझा मळा
१४ ऑक्टोबर

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नेल्बाने लोकरीच्या ट्रकबरोबर इकडे धाडलं. मी ते टोळीला वाचून दाखवलं. सगळ्यांनी टोप्या उडवल्या, एलेउतेरिओने सर्वांत उंच. तू खूश झालीस हे वाचून मलाही बरं वाटलं.

हंगाम यंदा रखडला. बावीस सप्टेंबरला जो पाऊस लागला तो अठ्ठावीसला उघडला. ओढा दुथडी भरला, तो ओलांडायचा उतार बुडाला, आणि आम्ही आठ जण इथे अडकून पडलो. ओल्या मेंढीला कातर लावता येत नाही, मग दिवसभर काय, पत्ते आणि पिठाच्या तळलेल्या तोर्ता. बाकीच्यांनी खाऊन पोटं वाढवली. माझी मात्र तळणावरची वासना गेली आहे, वासानेच मळमळतं. तसं काही विशेष नाही. पूर्वी दिवसाला शंभर मेंढ्या कातरायचो, आता चाळीस झाल्या की पोरं माझ्या हातातून कातर काढून घेतात आणि मी त्यांना शिव्या देतो.

तू फार काम करू नकोस. आणि एकट्या माणसाने सूपवर राहू नये.

तुझा,
सिक्स्तो

*

पासो देल सीबो
३० ऑक्टोबर

ती. वन्संना नेल्बाचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांच्या चोरून लिहिते आहे. रविवारी हे घरी आले होते. मी विजारीच्या पट्ट्याला नवीन भोक पाडून दिलं, महिन्याभरातलं हे तिसरं. माझ्या हातचं काही घशाखाली उतरत नाही, चार घास खाऊन ताट सरकवतात आणि कुत्र्यांचं फावतं. डोळ्यांत पिवळी झाक आहे का मला कळत नाही, आमच्या दिव्याच्या उजेडात सगळंच पिवळं दिसतं.

मी म्हटलं वन्संना कळवते, तर हे माझ्यावरच उखडले. म्हणाले, तिने एकदा दोन सांगितलंय ना, आता तिला छळू नकोस. वन्सं, तुमचा दोनचा आकडा मी देवघरातल्या मेणबत्तीखाली ठेवला आहे. पण माझ्या डोळ्यांना दिसतं ते आणि त्या कागदावर आहे ते जुळत नाही. मी अडाणी बाई, माझंच चुकत असेल. तसं असलं तर मला रागावून एक पत्र लिहा, मी आनंदाने वाचेन.

तुमची,
नेल्बा

*

मोंतेविदेओ
४ नोव्हेंबर

सिक्स्तो,

आशीर्वाद नंतर. आधी मला उत्तर दे.

नेल्बाचं पत्र आलं, तिला रागावू नकोस. ते वाचून मी तुझी सगळी पत्रं टेबलावर मांडली. तू लिहितोस, बावीसपासून अठ्ठावीसपर्यंत ओढा भरलेला आणि तुम्ही ला तोर्काझात अडकलेले. माझ्या नळीवर तुझं नाव आहे आणि तारीख आहे चोवीस सप्टेंबर. बुडालेला उतार ओलांडून तू गावात कसा आलास? पोहून?

आठ जण अडकलो असं लिहितोस. तुझ्या टोळीत तुला धरून दहा माणसं आहेत. कोण कोण बाहेर होतं?

ते रक्त कुणाचं होतं, सिक्स्तो?

झुल्मा

*

पासो देल सीबो
१२ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

एलेउतेरिओचं होतं.

तो कातऱ्यांना धार लावायचं नवीन चाक आणायला आणि रामोन त्याच्या मदतीला, असे दोघे गावात गेले होते आणि पावसाने तिकडेच राहिले. मंगळवारी दवाखान्यावरून जाताना त्याने ऐकलं, बाई माझं नाव पुकारत होत्या आणि मी नव्हतो. पेटी बसवर जायची होती. त्याच्या मनात आलं की सिक्स्तोची पेटी रिकामी कशी जाऊ द्यायची. आत गेला, सिक्स्तो ओलिवेराच्या नावावर म्हणाला आणि बाही वर केली. बाई नवीन, त्यांनी सुई घातली. मे महिन्यात तुझ्याच खिडकीशी हेच म्हणाला होता आणि तू खूण केली होतीस. आपल्याकडे कोणी आजारी पडलं की असंच तर देतात. त्याला त्यात वेगळं काय वाटणार?

ओढा उतरल्यावर आला आणि मला सांगितलं. नेल्बा त्या आठवड्यात माहेरी होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी त्याला मिठी मारली. मग तुझं दोनचं पत्र आलं.

ताई, मला काहीच कळलं नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्या दिवशी वाटलं, हे काही बरोबर दिसत नाही, ताईला विचारावं. पण तू रडलीस असं लिहिलं होतंस. आणि मग मला वाटायला लागलं, तिचं आयुष्य रक्तात गेलं, ती म्हणते दोन तर असेल दोन. मला हंगाम हवा होता. मला विचारायचं नव्हतं.

सोबतची नळी माझी आहे. सुई आत जाताना आणि रक्त नळीत चढताना मी बघत होतो. एलेउतेरिओच्या रक्ताहून वेगळं काही दिसलं नाही. मोज्यात घालून पाठवतो आहे.

तुझा,
सिक्स्तो

*

मोंतेविदेओ
१४ नोव्हेंबर

चि. सिक्स्तोस अ. आ.

चौऱ्याण्णव. हिमोग्लोबिन नऊ.

रक्त कुणाच्याही नावावर देता येतं रे. तपासणी नाही देता येत. हे तुम्हा कुणाला सांगायची गरज पडेल असं मला कधी वाटलंच नाही, आणि सांगायचं काम माझं होतं.

स्कॅन पुढच्या गुरुवारी, एकवीसला. नेल्बाला घेऊन मंगळवारच्या बसने निघ. खोलीत तुमची गादी घातली आहे.

ताई

*

पासो देल सीबो
२७ नोव्हेंबर

ती. वन्संना नेल्बाचा सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. तुम्ही बसमध्ये दिलेली शिदोरी मीच खाल्ली, यांनी फक्त नारिंगं सोलून दिली.

यांचं काही ठीक चाललेलं नाही. सर्जनने यकृतातले दोन डाग तुमच्यासमोरच दाखवले. हे इथे आल्यावर बोलले. म्हणतात, एकदा कातरलेली मेंढी त्याच हंगामात दुसऱ्यांदा कोणी कातरत नाही. पोट पुन्हा उघडू देणार नाही, जे व्हायचं ते आपल्या अंगणात होऊ दे. मी रडले, भांडले, बोलणं टाकलं. ढिम्म हलत नाहीत. तुमचं थोडं ऐकतात, म्हणून हे लिहिते.

आणि एलेउतेरिओ. तो रोज सकाळी येतो आणि कुंपणाशी उकिडवा बसतो. आत ये म्हटलं तर येत नाही. मी माते पुढे केला तर हात मागे घेतो, वीस वर्षं एकाच नळीने प्यायलेला माणूस. त्याची बायको सांगते, जेवणही टाकलंय. एवढंच म्हणतो की रक्त म्हणजे रक्त असं त्याला वाटलं होतं, आणि त्याने आपल्या हाताने सिक्स्तोला मारलं. हे बाहेर जाऊन त्याच्या शेजारी बसतात. दोघंही एकमेकांकडे न बघता तासभर बसून राहतात. मला ते बघवत नाही.

वन्सं, काहीतरी करा.

तुमची,
नेल्बा

*

मोंतेविदेओ
१ डिसेंबर

चि. सिक्स्तो यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज रविवार, प्रयोगशाळा बंद, म्हणून सावकाश लिहिते.

तू आणि एलेउतेरिओ कुंपणाशी बसून पापाची वाटणी करता आहात असं कळलं. तर तिसरा वाटेकरी मी आहे, माझा हिस्सा आधी घ्या. ऑगस्टमध्ये तुझं हिमोग्लोबिन दहा होतं. सात आठवड्यांत ते जवळजवळ सोळा झालं. असं होत नाही, सिक्स्तो. काळजाने होत नाही, बिटाने होत नाही, कुठल्याच देवाच्या कृपेने होत नाही. सदतीस वर्षं मी हेच काम करते. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर मी तिथल्या तिथे ओरडले असते, की ही नळी चुकली, माणूस परत बोलवा. तुझा होता म्हणून डोळ्यांवर कातडं ओढलं आणि वर नेल्बाच्या स्वयंपाकाचं कौतुक केलं. एलेउतेरिओला माहीत नव्हतं. तुला विचारायचं नव्हतं. मला मात्र दिसलं होतं.

मी सर्जनना विचारलं, तीन ऑक्टोबरला स्कॅन झाला असता तर एकच डाग सापडला असता का? ते म्हणाले, या प्रश्नाच्या उत्तराने कुणाचं भलं होत नाही, तेव्हा ते मिळवू नका. मी रोज पहाटे उठून ते मिळवायचा प्रयत्न करते. तुला हे सांगायचं नव्हतं, पण लपवायचं नाही असं आपलं ठरलं आहे.

आता जे आहे ते. दोन डाग, दोन्ही यकृताच्या एकाच बाजूला. कापून काढता येतील. त्यानंतर वाचशील का, तर सर्जन अर्धं अर्धं म्हणतात. अर्धं म्हणजे अर्धं, मी त्याला साखर लावणार नाही. न कापता अंगणात बसलास तर अर्धंही नाही. मेंढीचं उदाहरण तू देऊच नकोस, तूच मला सांगितलं होतंस की कातरताना लोकरीत किडे दिसले तर मेंढी तशीच सोडून देत नाहीत, धरून बसवतात आणि जखम साफ होईपर्यंत तिच्या लाथा खातात.

माझ्यासाठी येऊ नकोस, मी म्हातारी आहे, मला सवय होईल. नेल्बासाठी ये असंही म्हणत नाही, ती तुला स्वतः सांगेल. पण तू त्या कुंपणाशी मेलास तर एलेउतेरिओ उरलेला जन्म हेच म्हणत राहील की त्याने तुला मारलं, आणि ते खोटं आहे हे त्याला सांगायला जगात कुणी उरणार नाही. हे ओझं त्या भल्या माणसाच्या पाठीवर टाकून जायचा तुला काहीएक हक्क नाही.

ऑपरेशन गुरुवारी, बारा तारखेला. मंगळवारी दाखल व्हायचं. तपासणीची सुई मी स्वतः घालणार, तुझ्याच दंडात, आणि तुझा चेहरा बघत बघत. यकृत फार रक्त मागतं, म्हणून रक्तपेढीने आठ माणसं मागितली आहेत, सोमवारी सकाळी. ट्रक काढा. यादी मी हातात घेऊन खिडकीशी उभी असेन.

सगळ्या टोळीला माझे आशीर्वाद, आणि तुझा हट्ट तेवढा गावातच ठेवून ये.

तुझी वाट बघणारी,
ताई

ता. क. एलेउतेरिओला सांग, उपाशी पोटी आलास तर परत पाठवेन. आजपासून पोटभर जेवायला लाग म्हणावं. त्याचं रक्त पंधरा पूर्णांक आठ आहे, माझ्याकडे लिहिलेलं आहे, आणि यादीवर पहिलं नाव त्याचंच घातलं आहे.